मेरी रॉबिन्सन : सिनेटमधली वीस वर्षं आणि पडलेली विधेयकं

गोदातीर | ३ मार्च, २१:१०

मेरी रॉबिन्सन म्हटलं की आपल्याकडे आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष आठवतात, नाहीतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त. हा धागा त्याआधीच्या काळाबद्दल आहे. १९६९ ते १९८९ अशी वीस वर्षं त्या आयरिश सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, सदस्य होत्या. पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा वय २५, आडनाव अजून बर्क, मतदारसंघ ट्रिनिटी कॉलेजच्या पदवीधरांचा.

या वीस वर्षांत त्यांनी लावून धरलेले विषय पाहा: संततिनियमनाच्या साधनांवरची बंदी, लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांची पोटगी आणि वारसाहक्क, ऐपत नसलेल्यांना सरकारी खर्चाने वकील, विवाहित स्त्रियांचा बेकारभत्ता, समलैंगिकतेवरचा फौजदारी कायदा. विधेयकांचा हिशोब मांडला तर पदरात जवळजवळ काहीच नाही. १९७१चं संततिनियमनाचं विधेयक दारातच अडलं, त्याच विषयावरचं दुसरं १९७४ मध्ये पडलं. मुलांच्या हक्कांचं विधेयकही १९७४चंच, पण तसा कायदा व्हायला १९८७ साल उजाडलं.

आणि तरीही १९९३ संपेपर्यंत यातल्या प्रत्येक बाबतीत आयरिश कायदा त्यांच्या म्हणण्याच्या दिशेने सरकला होता. माझं मत असं, की हाताशी बहुमत नसलेल्या सदस्याने काम कसं करावं याचा हा वस्तुपाठ आहे: सभागृहात मुद्दा नोंदवायचा, न्यायालयात तोच मुद्दा पुराव्यानिशी लढायचा, आणि निकाल आला की पुन्हा सभागृहात उभं राहायचं. पण यात सभागृहातल्या भाषणांचा खरा वाटा किती? जाणकारांनी लिहावं.

सह्याद्रीवारा | ३ मार्च, २१:४८

उत्तम विषय. "दारातच अडलं" म्हणजे काय? चर्चा होऊन पडलं, की मांडूच दिलं नाही?

पाटीपेन्सिल | ३ मार्च, २२:३५

सह्याद्रीवारा, मांडूच दिलं नाही. त्यांच्याकडे विधेयकाचे पाच टप्पे असतात. पहिल्यात फक्त मांडण्याची परवानगी मागायची, दुसऱ्यात तत्त्वावर चर्चा, तिसऱ्यात कलमवार छाननी, चौथ्यात राहिलेल्या दुरुस्त्या, पाचव्यात अंतिम मंजुरी. सरकारी विधेयकाला पहिल्या टप्प्यावर अडचण येत नाही. खासगी विधेयकाचं घोडं तिथेच पेंड खातं.

१९७१ मध्ये रॉबिन्सन, जॉन हॉर्गन आणि ट्रेव्हर वेस्ट या तिघांनी विधेयक आणलं. १९३५च्या फौजदारी कायद्याच्या कलम १७ नुसार संततिनियमनाची साधनं विकणं आणि देशात आणणं गुन्हा होता, आणि सेन्सॉरशिपच्या कायद्यांमुळे त्याबद्दलची पुस्तकंही बंद. तिघांना हे दोन्ही उठवायचं होतं. सभागृहाने पहिल्याच टप्प्यावर परवानगी नाकारली. परवानगी नाही म्हणजे विधेयक छापलं जात नाही, आणि छापलं नाही म्हणजे त्यात नेमकं काय होतं ते लोकांसमोर अधिकृतपणे येतच नाही. डब्लिनच्या आर्चबिशपांचं याविरुद्धचं पत्र मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये चर्चचर्चमधून वाचून दाखवलं गेलं होतं. म्हणजे विरोध घरोघर पोचला आणि मसुदा कुणाच्या हाती लागला नाही. हा अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्धविराम | ४ मार्च, ०८:२०

गोदातीर, तुमचा हिशोब मला एकतर्फी वाटतो. १९३५च्या बंदीला पहिला तडा सिनेटमुळे गेला नाही, तो मॅगी खटल्यामुळे गेला. चार मुलांची आई, पुन्हा गरोदर राहिली तर जिवाला धोका असं डॉक्टरांनी सांगितलेलं, इंग्लंडहून मागवलेलं शुक्राणुनाशक जेलीचं पाकीट कस्टमने जप्त केलं. डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की विवाहित जोडप्याच्या खासगीपणाचा हा भंग आहे आणि स्वतःच्या वापरासाठी आणण्यावरची बंदी घटनाबाह्य आहे. त्याआधी मे १९७१ मध्ये महिला मुक्ती चळवळीच्या बायका रेल्वेने बेलफास्टला जाऊन साधनं घेऊन आल्या आणि कॉनोली स्टेशनवर कस्टमसमोर उघडपणे उभ्या राहिल्या. श्रेय द्यायचं तर आधी यांना द्या.

शिवाय रॉबिन्सनबाई कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीला, म्हणजे डॉलला, १९७७ आणि १९८१ अशा दोनदा उभ्या राहिल्या आणि दोन्हीदा हरल्या. पदवीधरांच्या टपाली मतांवर निवडून येणाऱ्याला जे बोलता येतं, ते ग्रामीण मतदारसंघातल्या आमदाराला परवडत नाही. त्या स्वातंत्र्याचंही मोल धरा.

गोदातीर | ४ मार्च, ०९:०५

अर्धविराम, चळवळीचं श्रेय मी कमी करत नाही. पण निकालानंतर काय झालं तेही पाहा. आयात करायला मोकळीक, विक्रीला बंदी, अशी अर्धवट स्थिती उरली. ती मिटवायला सरकारने १९७४ मध्ये स्वतःचं विधेयक आणलं, आणि खुद्द पंतप्रधान लिअम कॉस्ग्रेव्ह यांनी आपल्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. ६१ विरुद्ध ७५ मतांनी ते पडलं. न्यायालय बंदी उठवू शकतं, दवाखान्यात काय मिळेल आणि कुणाला, हे ठरवू शकत नाही. त्यासाठी कायदाच लागतो. तो १९७९ मध्ये आला, तोही डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालून. चिठ्ठीशिवाय १८ वर्षांवरच्यांना कंडोम मिळायला १९८५ उजाडलं.

डब्लिनकर | ४ मार्च, १३:१५

कायदेविषयक मदतीचा मुद्दा इथे सविस्तर यायला हवा. रॉबिन्सनबाईंच्या कामाचा गाभा मला तिथे दिसतो.

एअरी विरुद्ध आयर्लंड. कॉर्कची एक बाई, नवऱ्यापासून न्यायिक फारकत (लग्न न मोडता वेगळं राहण्याचा न्यायालयाचा आदेश) हवी. घटस्फोट तर देशात नव्हताच, आणि न्यायिक फारकत फक्त उच्च न्यायालयातून. वकिलाचा खर्च प्रकरण बिनविरोध असेल तर ५०० ते ७०० पौंड, नवरा लढला तर ८०० ते १,२०० पौंड. हे आकडे निकालपत्रातच आहेत. दिवाणी प्रकरणाला सरकारी मदत शून्य. रॉबिन्सन तिच्या वकिलांपैकी एक होत्या.

सरकारचं म्हणणं: वकील घ्याच अशी सक्ती कुठे आहे? बाईने स्वतः उभं राहावं, दार उघडं आहे. यावर स्ट्रासबर्गच्या, म्हणजे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सरकारकडूनच आलेली माहिती पुढे ठेवली. जानेवारी १९७२ ते डिसेंबर १९७८ या काळात अशा २५५ याचिका दाखल झाल्या आणि एकूण एक याचिकेत अर्जदाराला वकील होता. म्हणजे वकिलाशिवाय हे दार कुणीही ओलांडलेलं नव्हतं. ९ ऑक्टोबर १९७९ला निकाल लागला: न्यायालयापर्यंत पोचण्याच्या हक्काचा भंग ५ विरुद्ध २, कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग ४ विरुद्ध ३. हक्क कागदावरचे नकोत, प्रत्यक्षात बजावता येतील असे हवेत, हे तत्त्व या निकालामुळे युरोपभर रूढ झालं.

सरकारने आणखी एक बचाव केला होता. युरोपीय मानवाधिकार करार नागरी हक्कांचा आहे, पैसे खर्च करायला लावणारे सामाजिक-आर्थिक हक्क त्यात येत नाहीत, असा. न्यायालयाने या दोहोंत अभेद्य भिंत असते हेच मान्य केलं नाही. न्याय आणि सामाजिक धोरण हे दोन वेगळे विषय नाहीत, ही रॉबिन्सन यांची मांडणी नेमकी याच मुद्द्यावर उभी आहे.

आता पुढची गोष्ट, कारण निकालावर थांबलं तर चित्र अपुरं राहतं. देशातल्या प्रिंगल समितीने १९७७ मध्येच सर्वंकष योजना सुचवली होती. सरकारने निकालानंतर, डिसेंबर १९७९ मध्ये योजना आणली, पण कायदा न करता, प्रशासकीय आदेशाने. विधी केंद्रं ऑगस्ट १९८०पासून सुरू झाली. आदेशावर चालणाऱ्या योजनेची पंचाईत अशी, की निधी आटला तर प्रतीक्षायादी वाढते आणि अर्जदाराच्या हातात हक्क म्हणून दाखवायला काहीच नसतं. योजनेला कायद्याचा आधार मिळाला १९९५च्या कायद्याने. निकालानंतर सोळा वर्षांनी.

नानबा | ४ मार्च, १५:४०

डब्लिनकर, अप्रतिम प्रतिसाद. त्याच १९७९ मध्ये आपल्याकडे हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीला मोफत वकील हा घटनेच्या कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग मानला, आणि १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदाही १९९५ मध्येच अमलात आला.

हा योगायोग झाला. खरा धागा घटनेत आहे. आपली मार्गदर्शक तत्त्वं १९३७च्या आयरिश घटनेच्या कलम ४५वरून घेतली. राज्यसभेत राष्ट्रपतींनी १२ जण नेमायचे, ही कल्पनाही आयरिश सिनेटच्या धर्तीवरची. आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये डब्लिनला जाऊन आयरिश पंतप्रधान डी व्हॅलेरांना भेटले होते. मोफत कायदेविषयक मदतीचं कलम ३९क आपण १९७६ मध्ये त्या आयरिश साच्याच्या प्रकरणात घातलं. आयर्लंडच्या स्वतःच्या कलम ४५मध्ये असं काही नाही.

मृण्मयी | ४ मार्च, १९:५५

सगळे एअरीबद्दल बोलतात, पण सामाजिक धोरण म्हणून पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठं प्रकरण कॉटर आणि मॅकडरमॉट यांचं आहे. तिथेही रॉबिन्सन वकील होत्या.

नोकरी गेलेल्या विवाहित स्त्रीला आयर्लंडमध्ये बेकारभत्ता कमी दराने मिळायचा आणि कमी दिवस मिळायचा. पुरुषाला ३९० दिवस, तिला ३१२. गृहीतक असं, की तिला पोसणारा नवरा आहे. युरोपीय समुदायाच्या १९७८च्या अखेरीस निघालेल्या निर्देशाने (सदस्य देशांना आपला कायदा बदलायला लावणाऱ्या नियमाने) हा भेद काढायला सहा वर्षं दिली होती. मुदत २३ डिसेंबर १९८४. आयर्लंडने ती पाळली नाही, भेद १९८६ मध्ये दोन टप्प्यांत काढला. मधल्या काळाचं काय?

मार्च १९८७ मध्ये युरोपीय समुदायाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने सांगितलं, की मुदत संपली त्या दिवसापासून निर्देश थेट लागू होतो, आणि तशाच परिस्थितीतल्या पुरुषाला जे मिळतं ते या स्त्रियांना मिळालं पाहिजे. तरी सरकार अडून राहिलं. नवरे आधीच अवलंबितांचा वाढीव भत्ता घेत होते, आता बायकोलाही दिला तर एका घरात दुप्पट पैसे जातील, असा युक्तिवाद झाला. १९९१च्या दुसऱ्या निकालात तोही फेटाळला गेला. थकबाकी प्रत्यक्ष हातात पडायला १९९५चा आयरिश उच्च न्यायालयाचा निकाल लागला, तोही आणखी काही स्त्रियांनी वेगळा खटला भरल्यावर.

यात सभागृहाचा वाटा विचाराल तर रॉबिन्सन युरोपीय दुय्यम कायद्यांवरच्या संयुक्त समितीत १९७३पासून होत्या. कुठला निर्देश येतोय, त्याची मुदत कधी संपते, आपल्या कायद्यातलं कुठलं कलम त्याला आडवं येतं, हे त्या समितीत कागद वाचून आधीच कळतं. बाकीच्यांना कंटाळवाणं वाटलेलं ते काम होतं. त्यांच्या वकिलीला धार तिथून आली, असं मी ठामपणे म्हणेन.

अर्धविराम | ५ मार्च, ०८:४०

मृण्मयी, समितीचा मुद्दा पटला. तो भाषणांपेक्षा कितीतरी वजनदार आहे.

माझा मूळ आक्षेप मात्र कायम आहे. न्यायालयामार्गे धोरण बदलण्याची किंमत एकेका सामान्य माणसावर पडते. एअरीबाईंनी मदतीसाठी १९७२पासून दारोदार वकील शोधले. थकबाकीसाठी स्त्रियांना दहा वर्षं थांबावं लागलं. विधिमंडळाने आपलं काम केलं असतं तर यातलं काही करावंच लागलं नसतं. आणि निकाल एका बाईचा प्रश्न सोडवतो, व्यवस्था आपल्या गतीने चालते. म्हणून सभागृह आणि न्यायालय अशी दोन्ही दारं ठोठावणं हा आदर्श म्हणून मांडायला मी तयार नाही. नाइलाज म्हणून ठीक.

शमा | ५ मार्च, ११:३०

अर्धविराम यांच्या उलट टोकाचं एक उदाहरण, जिथे फक्त सभागृहातलं भाषण होतं आणि तेच खरं ठरलं.

१९८३ची आठवी घटनादुरुस्ती. गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीचा, असं घटनेत घालायचं होतं. रॉबिन्सन यांनी सिनेटमध्ये तिला विरोध केला. गर्भपात तेव्हाही १८६१च्या कायद्याने गुन्हाच होता, प्रश्न शब्दरचनेचा होता. दोन हक्क बरोबरीचे म्हटले आणि ते एकमेकांसमोर आले, तर डॉक्टरने काय करायचं? महाधिवक्ता पीटर सदरलंड यांनीही सरकारला मसुदा संदिग्ध असल्याचं लेखी कळवलं होतं. सप्टेंबर १९८३ मध्ये सार्वमत झालं, जवळपास ६७ टक्क्यांनी दुरुस्ती मंजूर.

१९९२ मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या १४ वर्षांच्या मुलीचं एक्स प्रकरण झालं आणि सर्वोच्च न्यायालयाला याच शब्दांचा अर्थ लावत बसावं लागलं. आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात करता येतो, या निकालाला धरून कायदा करायला पुढची दोन दशकं कुणी धजावलं नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार गेल्या. मूळच्या बेळगावच्या, वय ३१, आपोआप गर्भपात होत असताना जंतुसंसर्ग, आणि गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून हस्तक्षेप लांबला. १९८३ मध्ये विचारलेला प्रश्न एकोणतीस वर्षांनी एका वॉर्डात जसाच्या तसा उभा राहिला. कायदा २०१३ मध्ये आला, दुरुस्ती मे २०१८च्या सार्वमताने हटली.

भाषणाने १९८३ मध्ये एकही मत फिरलं नसेल. पण धोका कुणाला कळलाच नव्हता, असं नंतर कुणालाही म्हणता आलं नाही. कामकाजाच्या नोंदीत तो लिहिलेला आहे.

सह्याद्रीवारा | ५ मार्च, ११:५२

शमा, वाचून सुन्न झालो. अवांतर: २०१८चं सार्वमत झालं तेव्हा पंतप्रधान लिओ वराडकर होते. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे.

ही जुनी भाषणं मुळातून वाचायची तर कुठे आणि कशी?

पाटीपेन्सिल | ५ मार्च, १४:२५

आयरिश संसदेच्या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांचं कामकाज अगदी सुरुवातीपासून मोफत आहे. नवख्या माणसाची गाडी अडते ती अशी:

सभागृह निवडायला विसरू नका. आपोआप दोन्ही सभागृहांचे निकाल येतात आणि डॉलच्या गर्दीत सिनेट हरवतं. १९६९-७० च्या नोंदींत "मिस बर्क" शोधा, डिसेंबर १९७०च्या लग्नानंतर "मिसेस रॉबिन्सन". फक्त रॉबिन्सन टाकलं तर पहिलं वर्ष हाती लागत नाही. संदर्भ देताना जुन्या खंडांत पानांऐवजी स्तंभांचे क्रमांक चालतात, म्हणून एखाद्या लेखात खंड आणि स्तंभ दिसला तर पान शोधत बसू नका, तारीख काढा.

१९७१चं विधेयक विधेयकांच्या यादीत शोधाल तर निराशा होईल, कारण ते छापलंच गेलं नाही. त्या वर्षीच्या कामकाजात परवानगीच्या प्रस्तावावरची चर्चा आणि मतदान वाचा. १९७४ची चर्चा मात्र दुसऱ्या टप्प्यावरची असल्याने भरघोस आहे. दोन्ही लागोपाठ वाचा. पहिल्यात विरोधक विषय काढण्यावरच आक्षेप घेतात. दुसऱ्यात मॅगी निकाल हातात असल्यामुळे त्यांना वितरण, वय, जाहिरात अशा तपशिलात उतरावं लागतं.

डब्लिनकर | ५ मार्च, २०:१०

याला जोडून डेव्हिड नॉरिस यांचं प्रकरण. १८६१ आणि १८८५चे ब्रिटिश कायदे, पुरुषांमधला समलिंगी संबंध गुन्हा. १९८३ मध्ये आयरिश सर्वोच्च न्यायालयात ३ विरुद्ध २ ने हार, ऑक्टोबर १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला ८ विरुद्ध ६ ने जीत, वकील रॉबिन्सन. नॉरिस तोवर स्वतः ट्रिनिटीच्याच जागेवरून १९८७ मध्ये सिनेटर झालेले. कायदा बदलला १९९३ मध्ये, न्यायमंत्री मॉयरा गेगन-क्विन यांच्या हातून. विधेयकावर सही राष्ट्राध्यक्ष रॉबिन्सन यांची.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९च्या नाझ फाउंडेशन निकालात नॉरिसचा दाखला दिलेला आहे. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं आपलं कलम ३७७ही त्याच ब्रिटिश घडणीचं होतं.

मृण्मयी | ६ मार्च, ०९:३०

गोदातीर यांचा मूळ प्रश्न मागे पडतोय म्हणून लिहिते. सभागृहाचा वाटा भाषण, विधेयक आणि समिती असा वेगवेगळा मोजायला हवा. विधेयकं पडली हे खरं. पण वैवाहिक बेबनावावर १९८३ ते ८५ चाललेल्या संयुक्त समितीत त्या सदस्य होत्या. १९८६चं घटस्फोटाचं सार्वमत हरलं, तरी त्या अहवालातल्या विचाराचा माग पुढच्या कायद्यात लागतो. १९८९चा न्यायिक फारकतीचा कायदा विरोधी बाकावरच्या ॲलन शॅटर यांनी खासगी विधेयक म्हणून आणला आणि तो मंजूर झाला. व्यभिचार किंवा क्रौर्य सिद्ध करण्याची जुनी सक्ती त्यात गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयाखालच्या सर्किट न्यायालयात नेण्याचीही सोय त्यात होती. एअरीबाईंना १९७२ मध्ये हाच मार्ग मिळाला असता तर स्ट्रासबर्ग गाठावं लागलं नसतं.

म्हणजे अर्धविराम म्हणतात तसं विधिमंडळाने आपलं काम करणं शक्य होतं, आणि एकदा केलंही.

अर्धविराम | ६ मार्च, १०:०५

हे मान्य. शॅटर यांचं उदाहरण माझ्या बाजूचंच आहे. विधेयकाला संख्याबळ मिळालं की दहा खटल्यांचं काम एका कायद्यात होतं.

नानबा | ६ मार्च, १८:४५

शेवटचा एक प्रश्न. पदवीधरांच्या ज्या जागेमुळे रॉबिन्सन आणि नॉरिस सभागृहात आले, ती जागा टिकली आहे का? आपल्या विधान परिषदेतही ७८ पैकी ७ जागा पदवीधरांच्या आहेत, आणि त्या हव्यात कशाला हा वाद आपल्याकडेही आहे.

पाटीपेन्सिल | ६ मार्च, २१:२०

नानबा, ६० सदस्यांत ४३ व्यावसायिक गटांतून, ११ पंतप्रधानांनी नेमलेले आणि ६ विद्यापीठांचे: ३ ट्रिनिटीचे, ३ राष्ट्रीय विद्यापीठाचे. बाकीच्या विद्यापीठांच्या पदवीधरांना मतच नव्हतं. त्यांनाही मत देता यावं म्हणून १९७९ मध्ये घटनादुरुस्ती झाली, पण कायदा कुणी केलाच नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये संपूर्ण सिनेटच रद्द करण्याचं सार्वमत झालं, ते सुमारे ५२ टक्क्यांनी फेटाळलं गेलं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांची ही जुनी वाटणी घटनाबाह्य ठरवली. २०२४च्या कायद्याने दोन्ही मतदारसंघ मिळून सहा जागांचा एकच उच्चशिक्षण मतदारसंघ केला, त्यात इतर मान्य संस्थांचे पदवीधरही येतात. २०२५ची निवडणूक जुन्याच पद्धतीने झाली, नवी रचना पुढच्यापासून.

आपल्याकडच्या पदवीधर मतदारांसाठी एवढंच: यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून ते यंदा असेलच असं नाही. अर्ज पुन्हा भरावा लागतो.